चालतो का अजून

"हा अजून चालतो का?" रोना विचारते.
अकरा वर्षांची, माझ्या भावाची नात,
एका पायात मोजा, दुसरा सोफ्याखाली कुठेतरी.
खिडकीबाहेर डंडी गावावर समुद्राकडचं धुकं चढलंय,
टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपलाय.

चालतो. पण आधी वाट बघायची.
कॅसेट आत, बटण खाली,
आणि मग तो आवाज,
पत्र्यावर कुणी खिळा ओढत बसावं तसा, सलग पाच मिनिटं.
टीव्हीच्या कडांनी निळ्या-पिवळ्या पट्ट्या पळतात.
"बिघडलाय," रोना म्हणते.
नाही गं. येतोय.
शेवटच्या मिनिटाला आवाज अडखळतो,
सगळं पहिल्यापासून.
मी बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणते,
प्लेअरच्या इवल्या भोकातून स्क्रू केसभर फिरवते.
बोटं दुखतात,
पण कुठे थांबायचं ते विसरलेली नाहीत.

घड्याळांच्या कारखान्यात होते मी.
एका सोमवारी घड्याळं बाजूला सारून
आमच्यापुढे ही काळी यंत्रं ठेवली, रबरी बटणांची.
हे काय आहे, ते आम्हा बायकांना कुणी सांगितलं नाही.
आम्ही डाग दिले, तपासलं, खोक्यांत भरलं.
त्यातली किती जेवणाच्या पिशव्यांतून
फाटकाबाहेर गेली,
त्याबद्दल मी आजही काही बोलणार नाही.

डूगल तेव्हा सतराचा. काम नव्हतं. आमच्या गल्लीत कुणालाच नव्हतं.
गेममध्ये एक दीपस्तंभ, एक रखवालदार,
तेलाचा डबा घेऊन वर चढणारा.
वीस खोल्या, तीन जीव.
त्या वर्षी निम्मी गल्ली त्याच एका जिन्यावर राहत होती.

आता खरं सांगायचं तर
उडी ताठ आहे. एकदा मारली की हवेत बदलत नाही,
चूक कळते, तरी ती पुरी करावी लागते.
संगीत म्हणजे बाटलीत अडकलेली माशी.
आणि रंग एकमेकांना लागतात,
रखवालदार लाल दाराशी गेला की लाल,
शेवाळाशी गेला की हिरवा.
ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला म्हणतात;
इथे वाणच लागतो, गुणाचं कुणास ठाऊक.
एकोणिसाव्या खोलीतला जिना तर इतका दुष्ट,
की तो रचणाऱ्याला गाठून विचारणार होते मी,
बाबा रे, घरी सगळं ठीक ना?

रोना पडते. पुन्हा पडते.
"सेव्ह कुठे करायचं?"
कुठेच नाही.
"मग एवढं केलेलं?"
गेलं.
ती माझ्याकडे अशी बघते, जणू मीच पुसलं.
चाळीस मिनिटांनी मोजा सापडतो, फोन सापडतो,
आणि ती जाते.

कॅसेटच्या डबीत डूगलचा नकाशा आहे,
सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या पाठीवर, पेन्सिलीने.
अठरा खोल्या. एकोणिसावीच्या जागी फक्त एक शिवी.
मग त्याला उत्तर समुद्रात काम लागलं, तेलाच्या फलाटावर,
आणि विसावी खोली आमच्या घरात कुणी पाहिलीच नाही.

मी वायर काढते, गुंडाळते.
शिळ्या कढीला किती वेळा ऊत आणायचा.
नाही चालत, म्हणते मी किटलीला.
किटली मान हलवत नाही.

शुक्रवारी दारात रोना,
दप्तरासकट, केसांतून पाणी गळतंय,
कशी आहेस वगैरे काही नाही:
"सातव्या खोलीतला तो पक्षी.
मनाला येईल तेव्हा येत नाही तो.
चार मोजायचे, पाचव्याला वळतो.
मी बसथांब्यावर मोजून बघितलं."

आणि बस?

"चुकली," ती म्हणते. "लाव ना."